'अप्लॉम' या शब्दाला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न: क्रिकेटच्या इंग्रजी कॉमेंटरीत ऐकतो, अमुक बॅट्समनने प्रेशरमध्ये सुद्धा अप्लॉमने खेळून काढलं. डिक्शनरीत शांत आत्मविश्वास असं काहीतरी दिलंय पण त्याने समाधान होत नाही. शब्द आला कुठून आणि मराठीत नेमकं काय लिहायचं? भाषांतराच्या कामात अडलोय.

उत्तर १: मूळ फ्रेंच आहे, 'आ प्लों', म्हणजे ओळंब्याप्रमाणे (भिंत सरळ आहे का ते बघायचं गवंड्याचं दोरी-वजनाचं साधन) सरळ, उभं. प्लों म्हणजे शिसं, ओळंब्याचं वजन त्याचं असायचं. लॅटिनमधे प्लुंबुम, म्हणूनच रसायनशास्त्रात शिशाची खूण पीबी (Pb), आणि आपला प्लंबर पण तिथलाच कारण पूर्वी पाईप शिशाचे असायचे. आधी नुसतं सरळ उभं असणं असा अर्थ होता, मग माणसाच्या स्वभावाला लागला. बॅलेवाले अजून तोल सांभाळून स्थिर उभं राहण्याला हाच शब्द वापरतात.

उत्तर २: ओळंबा वाचून राहवलं नाही, माझे बाबा गवंडी होते. वर लाकडी ठोकळा, त्यातून दोरी आणि खाली वजन. ठोकळा भिंतीला लावायचा न् वजन खाली सोडायचं, जेमतेम टेकलं तर भिंत ओळंब्यात आहे, फट पडली तर आत गेलीये, दाबून बसलं तर पोट आलंय. वाऱ्याने वजन झुलायचं तेव्हा बाबा ते बोटांनी अलगद थांबवायचे आणि पूर्ण शांत होईस्तोवर बघायचेच नाहीत, मागून कंत्राटदार कितीही ओरडला तरी. मला तर तेच अप्लॉम वाटतं. आणि ओळंबा सुद्धा संस्कृत अवलंबवरून, लोंबणारा. म्हणजे फ्रेंचांनी वजनाच्या धातूवरून नाव ठेवलं, आपण लोंबण्यावरून.

उत्तर ३: स्थितप्रज्ञ लिहू नका प्लीज, गीतेतला तो माणूस सुखदुःखाच्याच पलीकडे गेलेला आहे, बॅट्समनला जिंकायचं असतं. धीरगंभीर पण नको, त्यात चेहरा उगाच गंभीर होतो. मी 'न डगमगता' लिहीन, डगमगणं म्हणजे तोल जाणंच ना, ओळंब्याचा अर्थ आपोआप येतो.

प्रश्नकर्ता: 'शेवटच्या ओव्हरपर्यंत तो न डगमगता खेळत राहिला' असं करून बघितलं, वाक्य एकदम बसलं. ओळंब्याचं मात्र डोक्यातून जात नाहीये, आज घरातल्या भिंतींकडे बघत बसलो होतो.