शब्दचर्चा: ‘फ्रॅटर्निटी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अमेरिकी कॉलेजांच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतोय. ‘फ्रॅटर्निटी’साठी, म्हणजे तिथल्या कॉलेजातल्या मुलांच्या ग्रीक अक्षरी नावाच्या मंडळांसाठी, मी ‘बंधुसंघ’ योजला, संपादकांना ‘विद्यार्थी संघटना’ हवंय. काय ठेवू?

– ‘विद्यार्थी संघटना’ नकोच, लगेच मोर्चे आणि निवडणुका डोळ्यांपुढे येतात. ‘बंधुसंघ’ चालेल. ‘भाऊबंदकी’कडे वळला नाहीत हेच खूप! लेख कोणत्या काळाबद्दल आहे?

– फाय बीटा कॅपा या मंडळापासून, म्हणजे 1776 पासून पुढे.

– मग तिथे ‘सभा’ लिहा. व्हर्जिनियात विल्यम्सबर्गच्या विल्यम अँड मेरी कॉलेजातल्या मुलांनी 5 डिसेंबर 1776 ला ती काढली. निबंध वाचायचे, वाद घालायचे. गुलामगिरी न्याय्य आहे का, असलेही विषय असत. तिथल्या जुन्या क्लबांना लॅटिन आद्याक्षरांची नावं असत. टॉमस जेफरसन त्यांतल्याच एफ.एच.सी.चा सभासद होता. या मुलांनी ग्रीक धरलं. ‘ज्ञानाची आवड हीच आयुष्याची सुकाणू’ अशा अर्थाच्या ग्रीक ब्रीदाची आद्याक्षरं म्हणजे फाय, बीटा, कॅपा. पुढे सगळ्यांनी ग्रीक अक्षरांचा हाच कित्ता गिरवला.

– पण ‘सभा’त गुप्तपणा कुठे येतो? शपथ, खुणेचं हस्तांदोलन, पदक हे सगळं होतं त्यांच्यात.

– आपली मुंबईतली परमहंस सभा गुप्तच होती की! शिवाय फाय बीटा कॅपाची गुप्तता टिकली कुठे? स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज फौजा जवळ आल्या आणि 1781 मध्ये मूळ शाखा बंद पडली. एलिशा पार्मेली या सभासदाने येल आणि हार्वर्डला शाखा काढायच्या सनदा नेल्या होत्या म्हणून नाव तरलं. फ्रीमेसन या गुप्त संघटनेविरुद्ध देशभर ओरड चालू असताना, 1831 मध्ये, हार्वर्डच्या शाखेने गुप्तता सोडून दिली. आज ती निव्वळ गुणवत्तेचा मान आहे. ज्याला आपण सिनेमातली फ्रॅटर्निटी समजतो, तो वंश 1825 च्या कॅपा अल्फापासून, न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजातून आला. ‘बंधुसंघ’ त्यांना शोभेल.

– एक अडचण राहते. 1870 ची कॅपा अल्फा थीटा मुलींची, आणि तीही स्वतःला फ्रॅटर्निटीच म्हणवत होती. मुलींच्या अशा मंडळासाठी ‘सोरॉरिटी’ शब्द आला 1882 मध्ये, सिरॅक्यूजच्या एका लॅटिन प्राध्यापकाकडून. ‘मुलींचा बंधुसंघ’ लिहिणार? ‘भगिनीमंडळ’ म्हणावं तर हळदीकुंकू आठवतं.

– तिथे सरळ ‘फ्रॅटर्निटी’ ठेवा.