साउंडबार की खाटेजवळचा स्पीकर? वडिलांना टीव्ही आणि फोन ऐकू यावा म्हणून पैसे कुठं घालावेत

बालाघाटी (अंबाजोगाई)

वडील ७६ वर्षांचे आहेत. टीव्हीचा आवाज ४५ वर नेला तरी त्यांचं एकच, “बोलायलेत ते कळंना, नुसता गलका येतो.” उन्हाळ्यात तर हॉलमध्ये कूलर सकाळी दहापासून घरघरतो, त्याच्यावर टीव्हीचा आवाज चढवलेला, आणि आई आतल्या खोलीत दार ओढून बसलेली. भावाने सबवूफरसकट साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) आणायचं ठरवलं. दुकानदार येऊन जागाही बघून गेला. मी अडवलं. त्यावरून घरात बोलाचाली झाली, म्हणून इथं मांडतो.

माझं मत असं की म्हाताऱ्या माणसासाठी आवाज वाढवण्यात पैसा घालू नये, आवाज त्याच्याजवळ नेण्यात घालावा. वयोमानाने कान जातो तो आधी वरच्या पट्टीत. स, श, त, फ यांची धार तिथंच असते. ‘पाच’ म्हटलं की ‘पास’, हे रोज त्यामुळंच होतं. सबवूफर वाढवतो खालचा घुमारा, जो वडिलांना आधीच ऐकू येतो. दुसरी गोष्ट अंतराची. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाचं माप) वाढतो. टीव्हीपासून खाट १४ फुटांवर आहे. स्पीकर साडेतीन फुटांवर आणला म्हणजे अंतर दोनदा निम्मं झालं, १२ डेसिबल फुकटात मिळाले, आणि कूलर होता तिथंच राहिला.

घरात कॉम्प्युटरचे जुने दोन स्पीकर पडून होते. ते खाटेशेजारी स्टुलावर, उशीला टेकून बसल्यावर कान येतो त्या उंचीला ठेवले. आमच्या टीव्हीला हेडफोनची पिन बसत नाही, मागे फक्त ऑप्टिकल (प्रकाशाच्या तारेतून डिजिटल आवाज देणारी जागा) आहे, म्हणून तो आवाज साध्या स्पीकरला चालेल असा करणारा छोटा कन्व्हर्टर आणला. जोडला तर चिडीचूप. खराब निघाला म्हणून परत करायला पिशवीतही घातला होता. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘ऑटो’वर दिसला, तो ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) केला, आणि बातम्या खाटेजवळ सुरू झाल्या. स्वस्त कन्व्हर्टरला डॉल्बी, म्हणजे दाबून पाठवलेला डिजिटल आवाज, उलगडता येत नाही, एवढंच त्याचं दुखणं होतं. रिमोटने कमीजास्त केला तरी आमच्या ऑप्टिकलमधून आवाज ठरावीकच येतो, त्यामुळं स्पीकरचं बटण वडिलांच्या हातात आणि टीव्हीचा आवाज आईच्या रिमोटवर, असं वेगळं झालं.

फोनचंही मी तेच केलं. मोबाइल काढून खाटेजवळ वायरचा लँडलाइन ठेवला.

पूर्णाथडी (परभणी)

दादा, तुमचं ६ डेसिबलचं गणित मोकळ्या शेतातलं आहे. हॉलला चार भिंती, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. आवाज सगळीकडून परत येतो, लांब गेलं म्हणून तितका पडत नाही. १२ डेसिबल मिळाले असं म्हणू नका.

आणि साउंडबारला उगाच नावं ठेवायलात. आमच्याकडं सासूबाईंसाठी घेतला तो मधल्या वेगळ्या स्पीकरचा, बोलणं त्यातूनच येतं. डायलॉग मोड (बोलणं उठून आणणारी सेटिंग) लावला, सबवूफर अगदी कमी केला. एचडीएमआयच्या एआरसी लिहिलेल्या (टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या) जागी एक वायर घातली की टीव्हीच्याच रिमोटवर सगळं चालतं. ऐंशीच्या घरातल्या बाईला दुसरं बटण शिकवावं लागलं नाही, ही मला मोठी गोष्ट वाटते.

पण माझा खरा विरोध तुमच्या वायरीला आहे. म्हातारं माणूस रात्री दोनदा-तीनदा उठतं. खाटेजवळ स्टूल, स्पीकर, ॲडॉप्टर, फोनची तार. पाय अडकला आणि खुब्याचं हाड मोडलं तर? ऐकू कमी आलेलं परवडतं.

मांजराकाठ (लातूर)

वीस वर्षं ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो, म्हणून दोघांनाही सांगतो. साउंडबारचा बोर्ड गेला की माझ्याकडं येतो आणि बहुतेक वेळा मी हात जोडून परत पाठवतो, सुटा भाग मिळत नाही. साधा दोन चॅनलचा ॲम्प्लिफायर आणि ८ ओहमचे दोन लाकडी डब्यांचे स्पीकर घ्या. दहा वर्षांनी एक ट्रान्झिस्टर बदलला की पुन्हा चालू. डब्यावर ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या जोराचा फुगवलेला आकडा) लिहिलेले हजारो वॉट बघू नका, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते विचारा. घरातल्या बोलण्याला २० वॉट आरएमएस उरून पुरतात.

आपल्याकडं आधी वीज बघावी. स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरींची वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प्लिफायर गुणगुणतो, लोक त्याला स्पीकरचा दोष समजतात. घराचं अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं, तेव्हाही हम, म्हणजे तीच गुणगुण, येतो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला, मग मला बोलवा.

आणि लाल तार लालला, काळी काळ्याला. एका स्पीकरची उलटी झाली की एक पडदा पुढं येतो तेव्हा दुसरा मागं जातो. खालचा आवाज एकमेकांत मरतो आणि बोलणं कुठून येतंय तेच कळत नाही. गेल्या महिन्यात एकांनी याच कारणाने नवे स्पीकर विकायला काढले होते. मी दोन तारा अदलाबदल करून दिल्या.

बालाघाटी

पूर्णाथडी ताई, परत येणाऱ्या आवाजाबद्दल तुमचं बरोबर आहे. हॉलमध्ये एकूण आवाज तितका पडत नाही, १२ चा आकडा मी मागे घेतो. पण शब्द खातो तो परत येणारा आवाजच. पहिलं अक्षर भिंतीवरून फिरून येतं आणि पुढच्यावर चढतं. स्पीकर जवळ असला की सरळ येणारा आवाज त्याच्या वरचढ राहतो. आमचं जुनं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, होतं. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर सागवानी किलच. तिथं आजोबा पंच्याऐंशीव्या वर्षी ट्रान्झिस्टरवर परभणी आकाशवाणी ऐकायचे, आवाज निम्म्यावर. आजोबांचा कान वडिलांपेक्षा चांगला असेलही, पण ती खोली घुमत नव्हती. नव्या हॉलमध्ये आम्ही पडदेसुद्धा लावले नाहीत. आता खाटेमागच्या भिंतीला जाड गोधडी टांगली आहे, आणि तिचा फरक मला स्पीकरइतकाच वाटतो.

वायरीचं मनाला लागलं. खाट भिंतीला सरकवली, स्टूल काढून भिंतीत फळी ठोकली, तारा पट्टीतून नेल्या. वडील उतरतात त्या बाजूला आता काही नाही. ब्लूटूथ लावून बघितला होता, पण ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. कमी ऐकणारा माणूस निम्मं ओठांवरूनच समजतो, त्याचा तोच आधार जातो.

गोदाकाठची (नांदेड)

मी कान तपासण्याचंच काम करते, त्यामुळं थोडं कडक बोलते, राग मानू नका. एवढी चर्चा झाली, पण काकांचा कान तपासला का, हे कुणीच विचारलं नाही. काही वेळा नुसता मळ निघाल्यावर माणूस ऐकायला लागतो. एक कान चांगला असेल तर स्पीकर त्या बाजूला हवा, हे ऑडिओमेट्रीशिवाय, म्हणजे यंत्रावर ऐकणं मोजल्याशिवाय, कसं ठरवणार? अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गावातच आहे. कान-नाक-घसा विभागात दाखवा. स्पीकरने टीव्ही ऐकू येईल, पण नातू शेजारी बसून बोलला तर? त्याला कुठला कन्व्हर्टर लावणार?

श्रवणयंत्र महाग म्हणून लोक टाळतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना एकदाच ३००० रुपये खात्यावर मिळतात आणि श्रवणयंत्र त्यात बसतं. तेवढ्यात चांगलं यंत्र येत नाही, पण हातभार लागतो.

यंत्र लावल्यावर फोन कानाच्या भोकावर धरू नका. कानामागे बसणाऱ्या यंत्राचा माइक कानाच्या मागे वर असतो, रिसीव्हर दोन बोटं वर सरकवून तिरका धरायचा. ही एक गोष्ट न सांगितल्यामुळं कित्येक यंत्रं कपाटात पडली आहेत.

पूर्णाथडी

ताईंचं पटलं. पण लँडलाइनवर मी अजून भांडणार. दादा, तुमचा फोन फायबरवरचा असेल. जुन्या तांब्याच्या तारेत एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे, गावात अंधार झाला तरी घंटी वाजायची. फायबरचा मोडेम घरच्या विजेवर चालतो. लाइट गेली की फोन मेला, आणि वळिवात लाइट नेमकी तेव्हाच जाते. वडील एकटे असताना काय कराल? मोठ्या बटणांचा साधा मोबाइल गळ्यात असलेला बरा.

बालाघाटी

ताई, मोडेमला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला आहे. परवा दोन तास लाइट नव्हती, फोन चालू राहिला. वडिलांना रिसीव्हर उचलला की बोलायचं एवढंच येतं. मोबाइल वाजला की ते हिरवं बटण शोधेपर्यंत तो बंद व्हायचा, आणि मग कुणाचा होता या काळजीत दुपार जायची. तरी ते परसात गेले की तुमचं म्हणणं खरं ठरतं. गळ्यातला मोबाइलही घेतो.

गोदाकाठची ताई, सोमवारी वडिलांना घेऊन रुग्णालयात जातोय. पण यंत्र आलं तरी स्पीकर तिथंच राहील. यंत्र कूलरची घरघरही वाढवणारच, तेव्हा बोलणं जवळून आलेलं बरं. चूक असेल तर सांगा.

गोदाकाठची

चूक नाही, राहू द्या. फक्त रिपोर्ट हातात आला की फळी कुठल्या बाजूला हवी ते बघा. पुन्हा ठोकावी लागेल कदाचित.