मदत हवी आहे: केमो चालू असताना मम्मीला चर्चची सेवा घरून कशी करता येईल?

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे वसईचे, आता दहिसरला. मम्मीला स्तनाचा कॅन्सर निघालाय. परळला केमो चालू आहे, ४ झाल्या, ४ बाकी. आजारी पडेपर्यंत ती पॅरिशच्या (आमच्या चर्चच्या) बायकांबरोबर दर शनिवारी डबे घेऊन परळला जायची, फुटपाथवर राहणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी. आता त्याच हॉस्पिटलच्या गेटमधून स्वतः पेशंट म्हणून आत जाते. रडली ती यावर, केस गेले तेव्हा नाही.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात, संसर्ग पटकन होतो, म्हणून गर्दी बंद. रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मोबाइलवर, कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) फादर घरी देऊन जातात. (आजाऱ्याला मिस्साची सक्ती नसते हे त्यांनीच सांगितलं, तिला काही पटत नाही.) पण हाताला काम हवंय. दान केलेल्या प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस टिकतात, दाते सतत लागतात. म्हणून फोनवरून दात्यांची यादी जमव, असं मी सुचवलं. तुमच्या पॅरिशमध्ये कोणी असं केलंय का? सुरुवात कुठून केलीत, रक्तपेढीशी कोण बोलायचं?

आणि एक नाजूक प्रश्न. रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) दहा-बारा जणी घरी येतात, प्रेमानेच, पण एखादी खोकत असते. मम्मी कुणाला नाही म्हणणार नाही. माझ्या बाप्तिस्म्याला हजर असलेल्या मावश्यांना मी "या आठवड्यात नको" कसं सांगू?