हेड उघडण्यापूर्वी

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसला, एवढ्यावरून आपल्या मेकॅनिकने हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधली सील) गेल्याचा काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. पावसाळ्यात गाडी रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालत असेल, तर इंजिन पुरेसे न तापल्यामुळे आत साठलेल्या बाष्पाचाही तसाच फेस होतो. डिपस्टिकवरचे (पातळी पाहण्याच्या पट्टीवरचे) ऑइल दुधाळ झाले आहे का आणि बाहेर कोठेही गळती नसताना कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) घटते आहे का, हे आधी पाहावे.

इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून, त्या तोंडावर निळ्या रसायनाची नळी बसवून इंजिन चालवले असता ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये शिरत असेल, तर पेट्रोल इंजिनात ते रसायन पिवळे पडते. खर्चाच्या मानाने इतकी उपयुक्त चाचणी दुसरी नाही. शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) एकत्रच कमी भरले, तर गॅस्केट त्या दोहोंमध्ये फुटल्याचा संशय बळावतो.

दुरुस्ती करायचीच झाली, तर अडकलेला थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटचा प्रवाह सोडणारी झडप) किंवा बंद पंखा यांसारखे इंजिन अति तापण्याचे मूळ कारण शोधल्याशिवाय नवे गॅस्केट बसवू नये. ॲल्युमिनियमचे हेड वाकले आहे का, हे सरळपट्टी व फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावे. अनेक इंजिनांत ०.०५ मिमीच्या आसपासच मर्यादा असते, त्यापुढे फेसिंग (हेडचा पृष्ठभाग यंत्रावर सपाट करणे) आवश्यक ठरते. हेडचे जे बोल्ट आवळताना कायमचे ताणले जातात, ते पुन्हा वापरू नयेत. बोल्टची भोके कोरडी करण्याचा (गॅरेजमध्ये सर्रास टाळला जाणारा) उपचारही आग्रहाने करून घ्यावा, कारण त्यांत ऑइल साचलेले राहिल्यास टॉर्क (बोल्ट आवळण्याचा ठरलेला जोर) चुकतो आणि प्रसंगी ब्लॉकला तडा जातो.