समावेशक, समावेशित की सर्वसमावेशक? कपाटावर काय लिहू?

बाकवाली
नमस्कार मंडळी. मी पुण्यात कोथरूडच्या बाजूला एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. यंदा शिक्षकांच्या कपाटासाठी ५,००० रुपये मंजूर झालेत. मोठ्या बाईंचा आदेश असा: 'आपल्या वर्गात तऱ्हेतऱ्हेची मुलं आहेत, त्यांना शिकवताना आपल्याला उपयोगी पडतील अशी पुस्तकं आणा आणि कपाटाला एक छानसं नाव द्या.'

शनिवारी शाळा सुटल्यावर पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक गाठला. दिव्यांग मूल आणि इतर मुलं एकाच वर्गात शिकतात त्याला समावेशक शिक्षण म्हणतात, एवढं माहीत होतं. दुकानदाराला विचारलं, "समावेशक शिक्षणावर काही आहे का?" तो मान वर न करता म्हणाला, "बीएड का डीएड? कितवं सेमिस्टर?" म्हटलं, दादा, माझं शिकून झालंय, आता शिकवायचंय. तेव्हा त्याने समोर तीन पुस्तकं टाकली. एकावर 'समावेशक', दुसऱ्यावर 'समावेशित', तिसऱ्यावर 'सर्वसमावेशक'. आतला मजकूर जवळपास एकच, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'टिपा लिहा'. मी रिकाम्या हाताने परतले.

तर दोन प्रश्न. या तिन्हींत बरोबर शब्द कोणता? आणि पुस्तक निवडायचं कसं?

शब्दवेडा
पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. धातू विश्, म्हणजे आत शिरणे. प्रवेश, आवेश, निवेश ही सगळी त्याचीच भावंडं. सम् + आ + विश् मिळून समावेश. समावेशक म्हणजे सामावून घेणारं, समावेशित म्हणजे सामावून घेतलं गेलेलं. त्यामुळे 'समावेशित शिक्षण' शब्दशः घेतलं तर कुणीतरी शिक्षणालाच कशात तरी सामावून घेतलंय असा अर्थ निघतो. शासकीय कागदांत 'समावेशित' इतकं रुळलंय की आता ते कुणी हलवणार नाही, पण व्याकरण 'समावेशक'च्या बाजूने आहे. 'सर्वसमावेशक'मधला 'सर्व' मला आगंतुक वाटतो. सम् आधीच सगळ्यांना एकत्र आणतो, वर आणखी सर्व कशाला? भाषणातून आलेला शब्द आहे तो.

जाता जाता: प्रवेश आणि समावेश एकाच धातूचे असले तरी दाखल्यावर फक्त पहिलाच छापतात.

निवृत्त मास्तर
शेवटचं वाक्य आवडलं. थोडी जुनी माहिती देतो. १९७४ साली केंद्राची योजना आली तिला आपल्याकडे 'अपंग एकात्म शिक्षण योजना' म्हणत. तेव्हा शब्द 'एकात्म' होता. त्यातली कल्पना अशी की मूल आपल्या शाळेत येईल, शाळा आहे तशीच राहील, जमवून घ्यायचं ते मुलाने. पुढे 'समावेशक' आला तेव्हा जमवून घेण्याची जबाबदारी शाळेवर आली. निदान कागदावर तरी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची व्याख्याच पाहा: दिव्यांग असलेली आणि नसलेली मुलं एकत्र शिकतात आणि शिकवण्याची पद्धत त्या मुलांच्या गरजेप्रमाणे बदलली जाते. बदलते ती पद्धत.

आमच्या लहानपणी यातलं काही नव्हतं. एकच शब्द होता, 'ढ'. अशोकाच्या ब्राह्मीपासून ढ या अक्षराचं वळण फारसं बदललेलं नाही, म्हणून पुढे न सरकणाऱ्या पोराला ढ म्हणायचं, असं आमचे गुरुजी सांगत. व्युत्पत्ती खरी असो नसो, अक्षर बिचारं २,००० वर्षं टिकलं याचं कौतुक करायचं सोडून आपण त्याची शिवी केली.

दोघांची आई
मास्तर, 'ढ' गेला असं समजू नका. त्याच्या जागी 'एलडी' आलाय, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, वाचन-लेखन-गणित शिकताना येणारी अडचण. पालकसभेत एका बाईंनी मला सगळ्यांदेखत सांगितलं, "तुमचा मोठा एलडी आहे ना, मग त्याच्याकडून एवढंच होणार." अध्ययन अक्षमता त्याला आहे, तो स्वतः अध्ययन अक्षमता नाही. मराठीत हे नीट म्हणता येतं की. 'त्याला ताप आहे' म्हणतो आपण, 'तो ताप आहे' म्हणत नाही. (धाकट्याच्या बाबतीत क्वचित म्हणते.)

आणखी एक. ऑटिझम असलेल्या मुलाला म्हणतात तो 'स्वमग्न' हा शब्द कानाला गोड आहे, पण तो ऐकून लोकांना वाटतं पोर मुद्दाम आपल्यातच दंग आहे, हाक मारली की येईल. मी सरळ ऑटिझम म्हणते.

शब्दवेडा
मूळ ग्रीक शब्दातही 'स्व'च आहे, तेव्हा 'स्वमग्न' इमानदार भाषांतर आहे. इमानदारीने घोटाळा मात्र केला, मान्य.

पेठेतला नवखा
'विविध विद्यार्थी' कसं वाटतं? सोपं आहे.

शब्दवेडा
सोपं आहे, पण एकट्या मुलाला विविध होता येत नाही. वर्ग विविध असू शकतो, बंडू नाही. हल्ली मात्र 'माझ्याकडे चाळिसांत सात विविध विद्यार्थी आहेत' असं ऐकू येतं. उरलेले तेहतीस काय, एकसारखे? शिवाय 'विविध' म्हटलं की मला विविध गुणदर्शनच आठवतं.

फिरती बाई
मी विशेष शिक्षिका. आठवड्याला चार-पाच शाळा करते, म्हणून हे नाव. शब्दांचं तुम्ही बघा, मी पुस्तकांचं सांगते, कारण वर्षानुवर्षं शाळांच्या कपाटांत नको ती पुस्तकं पाहतेय.

पुस्तक हातात घेतलं की आधी कायद्याचं पान काढा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता त्या ७ मध्ये नव्हत्याच. पुस्तकात ७ प्रकार आणि 'मतिमंद' असेल तर ते जुनंच आहे, मुखपृष्ठ नवं असलं तरी. खाली ठेवा.

मग उदाहरणं बघा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बरीच मराठी पुस्तकं इंग्रजीवरून उतरवलेली असतात. त्यांत लिहिलेलं असतं की डिस्लेक्सिया (वाचनातली अध्ययन अक्षमता) असलेलं मूल बी आणि डी मध्ये गोंधळतं. अहो, तिसरीतला माझा विद्यार्थी मराठी वाचतोय! त्याचा गोंधळ घ-ध, भ-म, ब-व असा आहे. 'ख' तो 'रव' असा वाचतो. 'दिवस' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि म्हणायची मात्र द च्या नंतर, इथे त्याचा हात थांबतो. आणि र! 'सूर्य'मध्ये डोक्यावर, 'प्रकाश'मध्ये पोटात, 'ट्रक'मध्ये पायाखाली, 'दऱ्या'मध्ये आणखी चौथंच काहीतरी. एकाच आवाजाची इतकी रूपं त्याने कशी धरायची? ज्या पुस्तकात रफार आणि जोडाक्षरं एवढी दोन पानं जरी नीट हाताळली असतील ते घ्या, छपाई कशीही असो.

तिसरी गोष्ट पुण्यात फार लागते. बांधकामांवरची मुलं वर्गात असतात. कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या हिंदी, कुणाची मराठीच पण 'पानी', 'लोनी' म्हणणारी. 'न-ण कळत नाही' म्हणून हे 'पानी' म्हणणारं मूल थेट माझ्याकडे पाठवलं जातं. त्याला काहीही झालेलं नसतं. त्याच्या घरच्या बोलीत ण नाही, एवढंच. घरची भाषा वेगळी असणं आणि अध्ययन अक्षमता असणं यांत जे पुस्तक फरक करत नाही ते वर्गात नुकसान करतं.

आणि शेवटी क्रियापदं. पानभर 'या मुलांना लक्ष देता येत नाही, सूचना समजत नाहीत' असं असेल तर त्यातून फक्त शिक्के मिळतात. 'सूचना एका वेळी एकच द्या, फळ्यावर चित्र काढा, उत्तर तोंडी घ्या' असं असेल तर सोमवारी पहिल्या तासाला काहीतरी करता येतं.

निवृत्त मास्तर
यात एक भर. पाठ्यपुस्तकी नाही, पण 'तोत्तोचान' ठेवाच, एका जपानी मुलीच्या शाळेच्या आठवणी आहेत त्या. पोलिओ झालेल्या यासुआकीला ती पोरगी शिडी आणून झाडावर चढवते, तो प्रसंग. तिने आधी त्याच्या पायांचा अहवाल मागवला नव्हता. बालसाहित्य म्हणून मुलांच्या कपाटात टाकू नका, शिक्षकांच्याच ठेवा.

पेठेतला नवखा
एका प्रशिक्षणात 'विभेदित अध्यापन' ऐकलं. म्हणजे एकच धडा, पण प्रत्येकाला वेगळं काम. हा पंक्तिप्रपंच नाही का? एका पंगतीत एकाला तूप आणि एकाला नाही?

फिरती बाई
पंक्तिप्रपंच माणूस बघून होतो, भूक बघून नाही. साखरेचा त्रास असलेल्या काकांना जिलबी वाढली नाही तर कुणी रागावतं का? पण 'विभेदित'मध्ये भेद ऐकू येतो खरा. मी शिक्षकांना 'झेपेल तसं' एवढंच म्हणते. परिभाषेत बसत नाही, पण कुणी अर्थ विचारत नाही.

बाकवाली
सगळ्यांचे आभार. फिरत्या बाईंचा निरोप कागदावर उतरवून काल पुन्हा चौकात गेले. दीड तास उभ्याने पुस्तकं चाळली. र च्या रूपांचं पान शोधतेय म्हटल्यावर दुकानदाराने पहिल्यांदाच मान वर केली आणि मला स्टूल दिलं. चार पुस्तकं मिळाली, 'तोत्तोचान' धरून. पैसे बरेच उरलेत, ते घाईने संपवणार नाही असं मोठ्या बाईंना सांगून टाकलंय.

नावाचं म्हणाल तर मी 'शेवटच्या बाकापर्यंत' सुचवणार होते.

दोघांची आई
ताई, नका. माझ्या मुलाला पहिल्याच बाकावर बसवतात, बाईंच्या नजरेखाली. त्याला मागे मित्राशेजारी बसायचंय.

बाकवाली
अगं खरंच की. हे सुचलं नव्हतं. मग तूर्त कपाटावर नुसतं 'वर्गासाठी' असं कागद चिकटवून लिहिलंय. आज मधल्या सुट्टीत आमच्या वर्गातल्या एका मुलाने ते मोठ्याने वाचलं, "वगासाठी." मग बोट वर नेऊन थांबला. रफार फिक्या पेनने काढला होता मी. लाल पेनने गिरवून ठेवलाय.