काळे खेकडे रविवारपर्यंत जिवंत कसे ठेवायचे? (सोबत थोड्या चिंबोऱ्याही आहेत)

आखाडी_पाहुणा (शुक्रवार, रात्री ९:४०)

मुक्काम नाशिकरोड. उद्या संध्याकाळी इगतपुरीकडून ओढ्यातले काळे खेकडे येणार आहेत, २५-३० नग. रस्सा रविवारी दुपारी. म्हणजे १८ ते २० तास ते जिवंत राहायला हवेत. मागच्या खेपेला २० लिटरच्या बादलीत अर्ध्यापर्यंत नळाचं पाणी भरलं, त्यात खेकडे सोडले आणि पळू नयेत म्हणून वर झाकण दाबून ठेवलं. सकाळी निम्मे मेलेले, उरलेल्यांचे पाय बादलीच्या तळाशी. पाण्याला उग्र वास.

या वेळी पालघरहून जव्हार-मोखाडा मार्गे ७-८ चिंबोऱ्याही (खाडीतले खेकडे) येतायत. दोन्ही एकत्र ठेवल्या तर चालेल का? पाणी किती ठेवायचं? फ्रीजमध्ये ठेवावेत का? गटारीच्या आधीचा शेवटचा रविवार आहे, फुकट घालवायचा नाही.

---

कांदा_बारदान (रात्री १०:१५)

खेकडे बुडवून ठेवलेत म्हणून मेले. ऐकायला विचित्र वाटेल, पण कारण साधं आहे. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम, आणि तेवढ्याच हवेत त्याच्या तीसेक पट. ओढ्याचं पाणी वाहतं, दगडांवर आपटतं, म्हणून तिथं भागतं. बादलीतल्या १० लिटर साचलेल्या पाण्यात २५ खेकडे सोडले की प्राणवायू काही वेळातच संपतो, आणि झाकणामुळे वरून नवा मिळत नाही. त्यात खेकडा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकत असतो. तुम्हाला आलेला उग्र वास त्याचाच. पहिला खेकडा मेला की तो सडायला लागतो, पाणी आणखी बिघडतं, आणि मग एकामागून एक जातात.

आपल्या डोंगराकडचा काळा खेकडा हवेतही श्वास घेतो. अट एकच, कल्ले ओले राहिले पाहिजेत. तेव्हा त्याला पोहायला पाणी नको, ओल हवी.

भांडं म्हणून टोमॅटोचं २० किलोवालं भोकाभोकांचं क्रेट घ्या, नाशिकमध्ये ते कुठंही मिळेल. तळाला ओलं जूटचं बारदान दुहेरी घालून अंथरा. त्यावर खेकड्यांचा एकच थर, पाठ वर करून. वरून दुसरं ओलं बारदान. २५-३० मध्यम खेकड्यांना दोन क्रेट लागतील, एकावर एक ढीग करू नका. ढिगात खालच्यांचा जीव गुदमरतो आणि वरचे नांग्यांनी एकमेकांचे पाय तोडतात. बारदान भिजवून पिळून घ्यायचं. हाताला गार आणि दमट लागलं पाहिजे, पण त्यातून पाणी ठिबकता कामा नये. क्रेट मोरीत दोन विटांवर ठेवा, म्हणजे जास्तीचं पाणी खाली निघून जाईल. दर ४-५ तासांनी हातानं पाणी शिंपडा. रात्री एकदा झोपण्याआधी आणि एकदा पहाटे केलं तरी पुरतं, पावसाळी हवेत बारदान लवकर वाळत नाही.

दोन सावधगिऱ्या. खताची किंवा औषधाची रिकामी गोणी धुऊनही वापरू नका. कांद्याची प्लास्टिक जाळीची गोणीही नको, एक तर ती ओल धरत नाही आणि पाय जाळीत अडकून तुटतात. आणि क्रेटवर झाकण म्हणून दुसरं रिकामं क्रेट उपडं घालून सुतळीनं बांधा, वर वजन ठेवा. खेकडा बारदानाला धरून सहज वर चढतो. सकाळी वॉशिंग मशिनखाली शोधत बसावं लागेल.

पाण्यातच ठेवायचे असतील तर घमेल्यात दोन बोटं पाणी, मध्ये तीन-चार दगड. खेकड्याला दगडावर चढून पाण्याबाहेर येता आलं पाहिजे. पाणी दर ३ तासांनी बदलायचं. नळाचं पाणी थेट चालत नाही, त्यातल्या क्लोरीननं कल्ले भाजतात. पसरट भांड्यात रात्रभर उघडं ठेवून मगच वापरा. बारदानावर शिंपडायलाही तेच. पण एवढा खटाटोप कशाला? बारदान बरं.

खायला काही घालू नका. भाताची शितं, पोळीचे तुकडे वगैरे प्रेमानं टाकणारे असतात. २० तास उपाशी राहिले तर आतडं रिकामं होतं, रस्सा उलट स्वच्छ होतो.

---

खाडीपल्याड (रात्री १०:५०)

चिंबोऱ्या आणि काळे खेकडे एकत्र अजिबात नको. चिंबोरीची नांगी काळ्या खेकड्याचं कवच फोडते, आणि एक खाऱ्या पाण्यातली, दुसरा गोड्या. चिंबोरी गोड्या पाण्याच्या बादलीत टाकली की पाणी अंगात शिरत राहतं, मीठ बाहेर जात राहतं. ती थोडा वेळ तग धरते, पण थकून जाते. पाण्याबाहेर मात्र ती फार चिवट. नीट बांधलेली, दमट आणि गार असेल तर दोन-तीन दिवस सहज राहते.

आधी खात्री करा की ती चिंबोरीच आहे. खाडीतली चिंबोरी हिरवट-तपकिरी, पाठ एकाच रंगाची. पाठीवर तीन ठिपके असलेला किंवा निळसर नक्षीचा खेकडा हा उघड्या समुद्रातला. तो पाण्याबाहेर काही तासांत मरतो आणि बाजारात बहुधा मेलेलाच येतो. मागचे पाय वल्ह्यासारखे आहेत म्हणून फसू नका, ते चिंबोरीलाही असतात. समुद्रातला आला तर जिवंत ठेवण्याच्या नादी लागू नका, मासळीसारखा बर्फात घालून आणा आणि त्याच दिवशी शिजवा.

बांधणी विक्रेत्याकडूनच करून घ्या. दोन्ही नांग्या पुढे दुमडून सुतळीचे वेढे पोटाखालून. सुतळी ओली असली तर ओलही धरते. काही जण नांगीच्या सांध्यात काडी खुपसतात किंवा आतली शीर तोडतात. तसल्या घेऊ नका, त्या जखमेतून पाणी पाझरतं आणि चिंबोरी रात्रीत जाते.

प्रवास ४-५ तासांचा धरला तर थर्माकोलचा डबा चांगला. बाजूंना वरच्या अंगाला बोटाएवढी सहा भोकं. तळाला ओलं बारदान, त्यावर चिंबोऱ्या पाठ वर करून एकमेकींना चिकटून, हलायला जागा नको. बारदान भिजवायला लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे खडे मीठ. मग वर आणखी एक ओलं कापड, आणि त्यावर लिटरची एक गोठवलेली पाण्याची बाटली, वर्तमानपत्राच्या तीन थरांत गुंडाळून. गारवा खाली उतरतो म्हणून बाटली वर. सुटा बर्फ टाकला तर वितळलेलं गोडं पाणी तळाशी साचतं आणि चिंबोऱ्या त्यातच बुडून मरतात. थर्माकोलमध्ये मेलेल्या चिंबोऱ्या निघाल्या की बहुतेक वेळा कारण हेच असतं.

डबा गाडीच्या डिकीत नको, मागच्या सीटखाली एसीच्या हवेत. १५ ते २० अंश हवं. घरी आल्यावर झाकण काढून मोरीत ठेवा.

---

रविवार_कट्टा (रात्री ११:०५)

एवढं सगळं कशाला? फ्रीजमध्ये भाजीच्या खणात टाका, सकाळी काढा. झोपलेले असतात, चावतही नाहीत.

---

कांदा_बारदान (रात्री ११:२०)

झोपलेले दिसतात ही गोष्ट खरी, पण सकाळी त्यातले किती उठतात ते मोजून बघा. घरच्या फ्रीजमध्ये ४-५ अंश, भाजीच्या खणात जरा जास्त. आपले खेकडे उष्ण प्रदेशातले, त्यांना इतकी थंडी सोसत नाही. आधी बधिर होतात, मग रात्रभरात हळूहळू मरतात, आणि बधिर असल्यामुळे मेल्याचं कळतही नाही. शिवाय फ्रीजची हवा कोरडी, कल्ले सुकतात. हवाबंद डब्यात किंवा गाठ मारलेल्या पिशवीत ठेवले तर आणखी वाईट. चार-पाच तासांचाच प्रश्न असेल आणि ओल्या कापडात गुंडाळले असतील तर खण चालून जाईल, २० तासांसाठी नाही. आषाढात नाशिकची मोरी कुठल्याही फ्रीजपेक्षा खेकड्याला मानवते.

---

आखाडी_पाहुणा (शनिवार, रात्री ८:३०)

खेकडे आले, क्रेटमध्ये लावले. चिंबोऱ्या वेगळ्या, सगळ्या जिवंत. आता तीन शंका. चार-पाच काळ्यांच्या तोंडाला फेस येतोय, ते मरतायत का? काळ्यांतल्याच एका मादीच्या पोटाखालच्या पट्टीत बारीक बारीक पिल्लं आहेत, मोहरीपेक्षा थोडी मोठी. आणि आणणाऱ्यानं पाच-सहा खेकड्यांच्या नांग्या आधीच उपटल्यात, चावू नयेत म्हणून.

---

मोरीतली_सांडशी (रात्री ९:००)

फेस म्हणजे मरण नाही. कल्ल्यांच्या खोबणीत उरलेलं थोडं पाणी खेकडा हवेत पुन्हा पुन्हा फिरवतो, त्याचे बुडबुडे होतात. पण ते पाणी कमी होत चाललंय हे त्यातून कळतं. फेसवाले उचलून उघडं ठेवलेल्या नळाच्या पाण्यात मिनिटभर बुडवा आणि पुन्हा बारदानात ठेवा. उचलताना मागून, पाठीवर एक बोट दाबून आणि शेवटच्या पायांच्या मागे दोन्ही बाजूंनी चिमटीत. नांगी तिथवर वळत नाही. सांडशीनं पायाला धरून ओढू नका.

नांग्या उपटलेले आजच शिजवा. खेकडा स्वतःहून पाय टाकतो तेव्हा तो ठरलेल्या सांध्यावर तुटतो आणि जखम लगेच बंद होते. माणसानं पिरगाळून उपटला की जखम उघडी राहते, निळसर पाणी वाहत राहतं. ते त्याचं रक्त. असा खेकडा सकाळपर्यंत टिकेल याची खात्री देता येत नाही, आणि टिकला तरी आत मांस पाणचट होतं.

पिल्लंवाली मादी सोडून द्या, आणि जिथून आणली तसल्याच ओढ्याला, घराजवळच्या गटाराला नाही. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची अंडी समुद्री खेकड्यासारखी लाखांनी नसतात, पिल्लं आईच्या पोटाखालीच तयार होतात. ती शिजवून हाती काही लागत नाही, पुढच्या वर्षीचे खेकडे मात्र जातात.

सकाळी जिवंत कोण ते असं बघायचं. डोळ्याच्या दांडीला काडी लावा, जिवंत असेल तर डोळा झटकन खोबणीत जातो. उचलल्यावर पाय घट्ट आवळलेले हवेत. पाय लुळे लोंबतायत पण डोळा हलतोय, तो मरणपंथाला आहे, पहिल्यांदा तोच शिजवा. डोळा हलत नाही आणि कधी मेला ते माहीत नाही, तर फेकून द्या. पाठ उघडून वास घेत बसू नका. मेल्याबरोबर त्याच्याच पोटातले पाचक रस मांस विरघळवायला लागतात, आणि जंतू त्या उबेत झपाट्यानं वाढतात. उकळून जंतू मरतील, पण त्यांनी आधीच तयार केलेलं विष प्रत्येक वेळी उकळीनं जात नाही. एका खेकड्यासाठी पातेलंभर रस्सा धोक्यात घालू नये.

---

आखाडी_पाहुणा (रात्री ९:२०)

जिवंत कापताना हात थरथरतो. उकळत्या पाण्यात टाकायचे का?

---

मोरीतली_सांडशी (रात्री ९:४५)

तसं टाकलं तर धडपडीत पाय गळून पडतात, सगळा रस पाण्यात जातो. शिजवण्याआधी २० ते ३० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. आता थंडी चालते, कारण पुढे ठेवायचेच नाहीत. पाय हलायचे थांबले, डोळा प्रतिसाद देईनासा झाला की पोटाखालची पट्टी उचलून तिच्या मुळाशी सुरीचं टोक जोरात आत, मग दुसरा वार दोन डोळ्यांच्या मध्ये. चिंबोरीला फ्रीजरमध्ये थोडा जास्त वेळ लागतो, आणि तिची सुतळी ती बधिर झाल्यावरच सोडा. नंतर पाठ उघडायची, पिसांसारखे कल्ले आणि तोंडामागची छोटी पिशवी काढून टाकायची. जुन्या टूथब्रशनं पायांच्या बेचक्यातला चिखल घासायचा. धुणं सगळं शिजवण्याआधी या वेळीच, आदल्या रात्री नाही.

आता काळ्या खेकड्यांचं महत्त्वाचं. आपल्याकडे बारीक पाय कुटून, फडक्यातून गाळून तो रस रश्श्यात घालतात. चव त्यातच असते. पण गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुफ्फुसात जाणाऱ्या चपट्या कृमीच्या अळ्या असू शकतात. मणिपूरकडे अर्धकच्चे खेकडे खाऊन हा आजार झालेले रुग्ण सापडतात. खोकला, थुंकीतून रक्त, आणि कित्येकदा तो क्षयच समजला जातो. तेव्हा गाळलेला रस उकळत्या रश्श्यातच ओतायचा आणि त्यानंतर किमान १५ मिनिटं चांगली उकळी. रस वरून घालून लगेच गॅस बंद करायचा नाही. ज्या पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये पाय वाटले, तो साबणानं धुतल्याशिवाय त्यात खोबऱ्याचं वाटण किंवा कोशिंबिरीची मिरची वाटू नका. मसाला आधी वाटून घ्या, पाय शेवटी. आणि खोकल्यावर औषध म्हणून कच्चा रस देणारे भेटतील, त्यांना हात जोडा.

---

खाडीपल्याड (रात्री १०:१०)

एक राहिलं. पुढच्या वेळी खेकडे कुठले तेही विचारा. इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडचे डोंगरातल्या ओढ्याचे असतील तर ठीक. द्राक्षबागेच्या कडेच्या नाल्यातले असतील तर घेऊ नका. फवारणीचं औषध पावसात नाल्यात उतरतं, आणि ते बारदानानंही निघत नाही, उकळीनंही नाही.

---

आखाडी_पाहुणा (रविवार, सकाळी ७:५०)

क्रेटमध्ये २३ ठेवले होते, २२ चे डोळे झटकन आत गेले. एक लुळा आहे पण डोळा हलतोय, त्याच्यापासूनच सुरुवात करतोय. चिंबोऱ्या आठही ठणठणीत. फ्रीजरमध्ये एका वेळी किती बसतील, आठ की दहा?

---

मोरीतली_सांडशी (सकाळी ८:०५)

सहा-सात. जास्त कोंबले तर मधले गार होत नाहीत आणि बाहेर काढताना तेच चावतात.