पेशीला मरण्यापासून वाचवणारं बीसीएल-२ हे प्रथिन निरोगी पेशींतही असतं, मग व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळीनं मुख्यतः कर्करोगाच्याच पेशी का मरतात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांना (वय ७१) सीएलएल आहे, रक्ताचा हळू वाढणारा कर्करोग. सोमवारपासून बीसीएल-२ ला अडवणारी व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी सुरू झालीय. पहिला आठवडा रोज २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० असं चढत पाचव्या आठवड्यात ४००. पेशी एकदम खूप मेल्या तर आतलं पोटॅशियम रक्तात उतरतं, युरिक ॲसिड वाढतं, म्हणून भरपूर पाणी प्यायचंय; दोन लिटरच्या बाटलीवर मी मार्करनं रेघा मारून दिल्यात. उपचारांचं डॉक्टर बघताहेत, त्याबद्दल सल्ला नको. मला हे समजून घ्यायचंय.

बीएस्सीच्या जुन्या वह्या काढून एवढं जुळवलं. पेशीत मोठा बिघाड झाला की बिम, प्यूमा अशी प्रथिनं वाढतात आणि बॅक्स-बॅक या प्रथिनांना उठवतात. ते मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीच्या ऊर्जाघराच्या) बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात आणि सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडतं. एरवी हेच प्रथिन आत श्वसनासाठी इलेक्ट्रॉन वाहत असतं, जगवत असतं! बाहेर आलं की ते ॲपाफ-१ या प्रथिनाला चिकटतं, सात ॲपाफचं चाक तयार होतं, त्यावर कॅस्पेज-९ हे प्रथिनं कापणारं एन्झाइम जागं होतं, ते कॅस्पेज-३ ला कापून चालू करतं आणि मग पेशीतली शेकडो प्रथिनं कापली जातात. बीसीएल-२ बिमला पकडून ठेवतं म्हणून हे सगळं अडतं. व्हेनेटोक्लॅक्स बीसीएल-२ च्या नेमक्या त्याच खाचेत बसतं आणि बिम सुटतं.

मी अडकलेय ती इथे. सीएलएलच्या पेशीत बिम आधीच भरपूर अडकून पडलेलं असतं आणि निरोगी पेशीत सुटायला फारसं काही नसतंच, असं आहे का? की प्रत्येक पेशीचा राखणदार वेगळा असतो? प्लेटलेट बीसीएल-एक्सएलवर, म्हणजे बीसीएल-२ च्या भावंड प्रथिनावर, जगतात. आधीचं नॅव्हिटोक्लॅक्स हे औषध त्यालाही अडवायचं, म्हणून प्लेटलेट घसरायच्या, हे वाचलं. पण मग व्हेनेटोक्लॅक्सनं न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) का कमी होतात?

दुसरी मदत शब्दाची. माझ्या मुलानं आजोबांना 'पेशींची आत्महत्या' असं वाचून दाखवलं. बाबा गप्प झाले, जेवलेही नाहीत नीट. तो शब्द मला आमच्या घरात नकोय. १९७२ मध्ये कर, वायली आणि करी यांनी पेशींच्या अशा मरण्याला 'ॲपॉप्टॉसिस' हे नाव दिलं, ते ग्रीकमधल्या पानं गळण्यावरून. आमच्या परसात बदाम आहे. थंडी सरताना त्याची पानं लालभडक होतात, देठाशी सुटतात, आणि गेली तीस वर्षं बाबाच ती रोज झाडून काढतात. मेलेल्या पेशीचेही पुडके होतात आणि मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळून टाकतात. तर 'पानगळ' म्हटलं तर शास्त्राच्या दृष्टीनं चालेल ना? कुणी पेशीशास्त्र शिकवत असेल तर कृपया सांगा. बाबा संध्याकाळी पुन्हा विचारणार आहेत.